दगडी कोळसा, रॉकेल आणि लासलगावची मुले

मराठीत पूर्वी नुसते 'कोळसा' म्हटले की लाकूड जाळून केलेला कोळसाच डोळ्यांपुढे येई. लोणारी लोक भट्ट्या लावून तो करीत, म्हणून तो लोणारी कोळसा. रेल्वेबरोबर आणि गिरण्यांबरोबर दुसरा कोळसा आला. तो खाणीतून निघे, हाताला दगडासारखा लागे, आणि जुन्या कोळशापासून त्याला वेगळे ओळखता यावे म्हणून त्याच्यामागे 'दगडी' हे विशेषण चिकटले. इतर इंधनांच्या नावांचीही कथा अशीच आहे. 'रॉकेल' हा 'रॉक ऑइल' या इंग्रजी शब्दजोडीचा मराठी जिभेवर झालेला अवतार. 'घासलेट' हा 'गॅसलाइट'चा. 'पेट्रोलियम' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थही 'खडकातले तेल' असाच. म्हणजे आपल्या भाषेत ही इंधने जेव्हा दाखल झाली, तेव्हा ती दगडाच्या कुळातली म्हणूनच दाखल झाली. ती एकेकाळी जिवंत होती, हे त्यांच्या नावांत कुठेही नव्हते.

ते सांगणारा शब्द फार पुढे, पाठ्यपुस्तकांतून आला: जीवाश्म इंधन. जीव आणि अश्म, सजीवाचा झालेला दगड. शब्द नेमका आहे. परंतु तो परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत राहिला आणि घराघरांत 'दगडी कोळसा' व 'रॉकेल' हेच राहिले. मुलांना इंधने शिकवताना जी अडचण येते, तिचे मूळ बव्हंशी या दोन शब्दकुळांमधल्या अंतरात आहे, असे मला वाटते. हे अंतर किती मोठे आहे आणि ते कसे ओलांडता येईल, हे पाहण्यासाठी लासलगाव हे एक चांगले ठिकाण आहे.

लासलगाव म्हटले की कांदा. १९४७ साली स्थापन झालेली आणि आशियातील सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून ओळखली जाणारी येथील बाजार समिती देशाला ठाऊक आहे. कोळशाशी किंवा खनिज तेलाशी या गावाचा संबंध काय, असे कोणीही विचारील. येथे खाण नाही, तेलविहीर नाही. निफाड तालुक्यात कोठेही विहीर खणा. काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, आणि त्याखाली पुन्हा काळा पाषाणच. विहिरीच्या मातेऱ्यात कधी पांढरे, कधी फिकट हिरवे स्फटिक सापडतात, मुले ते जमवतात. त्या खडकात ना पानाचा ठसा, ना शंख-शिंपला. साहजिकच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उसळलेल्या लाव्हारसाचे थरावर थर साचून हा दख्खनचा पाषाण तयार झाला. वितळलेल्या खडकात जीव टिकत नाही आणि इंधनही तयार होत नाही.

परंतु नेमके हेच कारण घेऊन धडा सुरू करता येतो. महाराष्ट्राची दोन मोठी जीवाश्म इंधने आहेत: वर्धा खोऱ्यातला कोळसा आणि मुंबईच्या समुद्रातले तेल. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्गुस, वणी या परिसरातला कोळसा पर्मियन नावाच्या कालखंडातला, स्थूलमानाने २९ ते २७ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे तो लासलगावच्या खडकाहून कितीतरी म्हातारा. विदर्भात काही ठिकाणी कोळशाचे थर याच काळ्या पाषाणाच्या खाली शिरलेले आढळतात. उलट, मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या मुंबई हाय क्षेत्रातले तेल या खडकाहून तरुण. त्या सागरी खोऱ्याच्या तळाशी बऱ्याच भागात हाच दख्खनचा पाषाण आहे. त्यावर पुढे समुद्राने आणि नद्यांनी गाळ आणून टाकला, त्या गाळात सूक्ष्म सागरी जीवांचे आणि वाहून आलेल्या वनस्पतींचे अवशेष अडकले आणि त्यांचे तेल झाले. लासलगावच्या मुलाच्या पायाखालचा दगड असा दोन इंधनांच्या मध्ये उभा आहे. कोळसा त्याच्या आधीचा, तेल त्याच्या नंतरचे. ज्या गावात इंधन सापडत नाही, त्या गावात इंधनाचा काळ मोजायला इतका सोयीचा खुणेचा दगड सापडावा, ही मोठी सोय आहे.

या एका गोष्टीने एक रूढ गैरसमजही आपोआप दूर होतो. कोळसा आणि तेल डायनासोरांपासून झाले, असे अनेक मुले (आणि काही मोठी माणसेही) समजून चालतात. वर्धा खोऱ्यातला कोळसा साचला तेव्हा डायनासोर पृथ्वीवर अवतरलेच नव्हते. मुंबई हायचे तेल तयार होऊ लागले तेव्हा ते नाहीसे झाले होते.

आता या गावात दगडी कोळसा प्रथम कसा आला, ते पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली. 'ग्रेट इंडियन पेनिन्शुला' कंपनीचा लोहमार्ग पुढे सह्याद्रीपर्यंत गेला, थळ घाटाची अवघड चढण १८६५ साली खुली झाली, आणि नाशिक-मनमाडवरून भुसावळकडे जाणाऱ्या या मार्गावर लासलगाव हे स्थानक आले. पश्चिम भारतातल्या रेल्वेला आरंभीच्या दशकांत जहाजांतून येणाऱ्या ब्रिटिश कोळशाचा मोठा आधार होता. बंगालमधल्या राणीगंजचा कोळसा १७७४ पासून ठाऊक होता, पण तो दूर होता. जवळच्या कोळशाचा शोध हे त्या काळच्या सरकारचे एक मोठे काम होते. १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या जन्मामागेही कोळशाची हीच निकड होती. त्याच शतकाच्या उत्तरार्धात वरोऱ्याची खाण सुरू झाली आणि वर्ध्याहून तेथपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला. आपल्याकडे भूविज्ञान हे शास्त्र म्हणून रुजले, ते पुष्कळ अंशी इंजिनाची भूक भागविण्यासाठी, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ब्रिटनहून कोळसा आला, तसे कोळशाचे चित्रही तिकडूनच आले. 'कोळसा कसा तयार झाला' या पाठासोबत हटकून दिसणारे चित्र आठवून पाहावे: दमट, उष्ण दलदल, उंचच उंच नेचे, खवल्यांच्या खोडांची विचित्र झाडे. हे चित्र खोटे नाही. पण ते युरोप-अमेरिकेतल्या कार्बोनिफेरस काळातल्या, तीस कोटी वर्षांहून जुन्या अरण्याचे आहे. चंद्रपूरचा कोळसा ज्या रानात जन्मला, ते रान वेगळे होते. त्या वेळी भारत हा गोंडवन नावाच्या दक्षिणेकडल्या महाखंडाचा भाग होता, आणि तो नुकताच एका दीर्घ हिमयुगातून बाहेर पडत होता. चंद्रपूर जिल्ह्यात इरई येथे हिमनदीने घासून काढलेल्या खडकाच्या खुणा आजही दाखविल्या जातात. बर्फ मागे सरल्यावर थंड हवेच्या त्या दलदलींत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडांचे रान माजले. जिभेच्या आकाराची त्याची पाने. खोडांत वर्षावर्षाची वलये, म्हणजे ऋतू स्पष्ट असले पाहिजेत. हे नाव १८२८ साली अडॉल्फ ब्राँन्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिले; त्याचा अर्थ 'जिभेसारखा नेचा'. पुढे कळले की हे झाड नेचा नव्हतेच, ते बीजधारी होते. नाव मात्र तेच राहिले. 'दगडी कोळशा'सारखेच.

हा तपशील शाळेतल्या मुलांसाठी अनावश्यक आहे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. गोंड लोकांच्या प्रदेशावरून ज्या महाखंडाचे नाव जगभर पडले, त्याची कथा मराठी मुलाला परक्या चित्रातून सांगितली जाते. मग ते मूल कोळसा ही दूर कोठेतरी घडलेली गोष्ट समजते. हीच गोष्ट त्याच्या नदीवरून सांगता येते. निफाड तालुक्यातून वाहणारी गोदावरी पूर्वेकडे जात जात सिरोंच्याजवळ प्राणहितेला मिळते; प्राणहिता म्हणजे वर्धा आणि वैनगंगा यांचा एकत्र प्रवाह. वर्धेच्या खोऱ्यात कोळसा आहे, आणि संगमाच्या पुढे तेलंगणात गोदावरीच्या खोऱ्यातच सिंगरेणीच्या खाणी आहेत. शेजारून वाहणारे पाणी कोळशाच्या मुलखातच जाते, हे नकाशावर बोट ठेवून दाखविता येते.

रॉकेलची कथा निराळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतून, रशियातून आणि पुढे ब्रह्मदेशातून आलेले रॉकेल पत्र्याच्या डब्यांतून खेडोपाडी पोचले. करडईच्या आणि एरंडाच्या तेलाचे दिवे मागे पडले, कंदील आणि चिमण्या आल्या. रिकामा झालेला डबा पाणी आणायला, धान्य ठेवायला, छपराला ठिगळ लावायला कामी आला. चुलीत मात्र सरपण, गोवऱ्या, तुराट्या, बाभळीचा फोक हेच राहिले. म्हणजे एकाच घरात दोन काळांचे इंधन जळत होते: चुलीत गेल्या हंगामाचे ऊन, आणि कंदिलात कोट्यवधी वर्षांपूर्वीचे. पुढे स्वस्त धान्य दुकानात रेशनचे रॉकेल आले आणि त्याची रांग आली. सवलतीचे रॉकेल आणि बाजारभावाचे डिझेल यांच्या किमतींत जे अंतर पडले, त्यातून भेसळीचा धंदा उभा राहिला. लासलगावच्या शेजारच्या मनमाडजवळ पानेवाडी येथे तेल कंपन्यांची मोठी साठवणकेंद्रे आहेत. तेथेच २५ जानेवारी २०११ रोजी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी भर दिवसा जाळून मारले. इंधन हा फक्त विज्ञानाचा विषय नाही, हे या जिल्ह्याला कोणी वेगळे सांगायला नको.

शाळेत हा विषय कसा आला? एकोणिसाव्या शतकात मराठी शास्त्रीय ग्रंथलेखनाचा पाया घालणाऱ्या मंडळींपुढे पहिला प्रश्न शब्दांचाच होता. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांसारख्या लेखकांनी रसायन आणि पदार्थविज्ञान मराठीत आणण्यासाठी परिभाषा घडविली. १९२८ पासून पुण्याच्या 'सृष्टिज्ञान' मासिकाने, १९६६ पासून मराठी विज्ञान परिषदेने ते काम पुढे नेले. १९६७ साली 'बालभारती' स्थापन झाली आणि राज्यभरातल्या मुलांच्या हाती एकच पुस्तक आले. १९७४ साली सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने त्याच दशकात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले. केंद्राचे संचालक वि. गो. कुळकर्णी यांनी विज्ञान शिकण्यात भाषेचा अडसर किती मोठा असतो, याकडे पुढे सातत्याने लक्ष वेधले. मुलाला विज्ञान कळत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला पुस्तकाची भाषा कळलेली नसते.

इंधनांच्या पाठात ही भाषा दोन ठिकाणी घसरते. पहिले ठिकाण आकड्यांचे. इंग्रजीतल्या 'मिलियन्स ऑफ इयर्स'चे 'लाखो वर्षे' असे भाषांतर सर्रास केले जाते. एक मिलियन म्हणजे दहा लाख. आणि येथे तर प्रश्न शेकडो मिलियनांचा, म्हणजे कोटींचा आहे. 'लाखो वर्षांपूर्वी झाडे गाडली गेली' असे वाक्य मूल पाठ करते, तेव्हा त्याच्या हिशेबात कोळसा हा जवळजवळ माणसाइतकाच जुना ठरतो. कारण आपली मानवजातही सुमारे तीन लाख वर्षांची आहेच. दुसरे ठिकाण क्रियापदांचे. 'झाडे गाडली गेली, उष्णता व दाब यांमुळे त्यांचा कोळसा झाला' या वाक्यात सगळे आपोआप होते आणि एकदम होते. भूकंप झाला, जंगल गडप झाले, कोळसा तयार, असे चित्र मुलाच्या मनात उभे राहते. वास्तवात अवघड पायरी गाडले जाण्याची नसून न कुजण्याची आहे.

ती पायरी लासलगावच्या मुलाला प्रत्यक्ष दाखविता येते. निफाड तालुक्यातच गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, बेटे झाली, पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून ते जाहीर झाले. मुलांना तेथे पक्षी पाहायला नेतात. त्याच फेरीत काठाच्या गाळात एक काठी खुपसायला सांगावे. बुडबुडे येतात, सडका वास येतो, वर निघालेला चिखल काळा असतो. उकिरड्यावर टाकलेला पाला हवेत कुजून काही महिन्यांत खत होतो, कारण त्याला खाणारे जीवाणू भरपूर ऑक्सिजन घेतात. पाण्याखालच्या चिखलात ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून पाला अर्धवट कुजतो आणि त्यातला कार्बन मागे राहतो. दलदलीत असे थरावर थर साचले की त्याचे पीट होते. कोळशाची पहिली पायरी ती हीच.

मग नांदूर मधमेश्वरचा कोळसा होईल का, असा प्रश्न एखादे मूल नक्की विचारील, आणि तो विचारला जावा यासाठीच तेथे जायचे. उत्तर 'नाही' असे आहे, आणि का नाही हे सांगताना उरलेला सगळा धडा येतो. पावसाळ्याचा पूर दरवर्षी साचलेले हलवितो. शिवाय खालचा काळा पाषाण खचत नाही. कोळसा व्हायला जमीन हळूहळू खचत जावी लागते, म्हणजे पीटावर वाळू-मातीचे ओझे चढत राहते आणि ते खोल जाते. वर्धा-गोदावरी खोऱ्यात पर्मियन काळात जमीन अशी खचत होती. खोल गेल्यावर पाणी पिळून निघते, उष्णतेने ऑक्सिजन आणि हायड्रोजन वायुरूपाने निघून जातात, आणि कार्बनचा वाटा वाढत जातो: कोरड्या लाकडात तो निम्म्याच्या आसपास, लिग्नाइटमध्ये सुमारे सत्तर टक्के, चांगल्या बिट्युमिनस कोळशात ऐंशीच्या पुढे, अँथ्रासाइटमध्ये नव्वदच्या वर. तेलाचे गणित थोडे निराळे. गाळातल्या सूक्ष्म जीवांच्या अवशेषांचे तेल होण्यासाठी साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअस तापमान लागते. जमिनीखाली दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंश वाढतात, तेव्हा ते दोन ते चार किलोमीटर खोलीवर मिळते. त्याहून उथळ राहिले तर तेल होत नाही, फार खोल गेले तर त्याचा वायू होतो. तयार झालेले तेल सच्छिद्र खडकातून वर सरकते आणि वरती न झिरपणारा थर आडवा आला तरच अडकते. मुंबई हायला ते मुख्यतः चुनखडीच्या खडकात अडकलेले सापडले. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागरसम्राट'ने केलेल्या खोदाईत ते लागले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेलाचे तळे जमिनीखाली नसते; ओल्या विटेत पाणी असावे, तसे ते खडकात असते.

काळाचे मोजमाप द्यायला लासलगावात साधन फुकट आहे: बारदान शिवायची सुतळी. एक सेंटिमीटर म्हणजे दहा लाख वर्षे असे ठरवावे. तीन मीटरची सुतळी वर्गात ताणावी आणि एक टोक 'आज' समजावे. तेथून २९० सेंटिमीटरवर चंद्रपूरच्या दलदलीची गाठ. सुमारे २३० वर पहिले डायनासोर. ६६ वर आपल्या विहिरीतला काळा दगड. दख्खनचा तो सगळा अवाढव्य उद्रेक या सुतळीवर जेमतेम एका सेंटिमीटरच्या आसपास मावतो. विसाच्या आसपास मुंबई हायची चुनखडी. माणूस तीन मिलिमीटरवर. आणि वाफेच्या इंजिनापासून आजपर्यंतची अडीचशे वर्षे? एका मिलिमीटरचा चारशेवा भाग. ती गाठ मारता येत नाही; सुतळीच्या एका तंतूपेक्षाही ती बारीक. तीन मीटरमध्ये साचलेले आपण एवढ्याशा जागेत जाळीत आहोत, हे मुलाला उपदेश न करता दिसते.

दुसरे मोजमाप वजनाचे. २००३ साली जेफ्री ड्यूक्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक हिशेब मांडला. प्राचीन सजीवांच्या अवशेषांपैकी फारच थोडे तेलापर्यंत पोचतात, बाकीचे वाटेत कुजून जातात. ही सगळी गळती धरली तर एका लिटर पेट्रोलमागे सुमारे २३ टन प्राचीन वनस्पतिद्रव्य खर्ची पडले असे त्यातून निघते. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत अडीच टन कांदा धरला, तर एका लिटर पेट्रोलमागे नऊ ट्रॉल्या भरतील. बाजार समितीच्या आवारात लिलावासाठी उभ्या राहिलेल्या ट्रॉल्यांची रांग ज्या मुलाने पाहिली आहे, त्याला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

तिसरे मोजमाप जळण्याचे. विदर्भातला कोळसा घेऊन येणाऱ्या मालगाड्या याच लोहमार्गाने नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राकडे जातात. हे केंद्र १९७० साली सुरू झाले. पहिले दोन जुने संच २०११ साली बंद झाले, आणि २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात उभे राहिले. असा एक संच चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालविला, आणि एका युनिटला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर दिवसाला साडेतीन हजार टन लागतात, म्हणजे जवळजवळ एक अख्खी मालगाडी. तो कोळसा जातो कुठे? राख उरते, पण ती कोळशाच्या निम्म्याहूनही कमी. बाकीचे दिसत नाही, म्हणून ते नाहीसे झाले असे मूल समजते. येथे डिझेलचा हिशेब करून घ्यावा: एक लिटर डिझेल सुमारे ८३० ग्रॅम भरते, आणि ते जळल्यावर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. जाळलेल्या वस्तूपेक्षा धूर जड! प्रत्येक कार्बन अणू हवेतले दोन ऑक्सिजन अणू घेऊन जातो म्हणून हे घडते. ज्या कार्बनला हवेतून जमिनीत जायला कोट्यवधी वर्षे लागली, तो पुन्हा हवेत आला. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत.

आपल्या पाठांत या सगळ्याची जागा बहुधा एक वाक्य घेते: 'ही इंधने मर्यादित आहेत, म्हणून ती काटकसरीने वापरा.' उपदेश चांगला. पण तो कोणाला केला जातो? रेशनच्या रांगेत ज्याची आई उभी राहिली, ज्याने २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत चिमणीच्या उजेडात अभ्यास केला, सिलिंडर आला तरी जो चुलीवरच पाणी तापवतो, त्या घरातल्या मुलाला काटकसर शिकविण्यात विनोद आहे. त्याला हवा असतो हिशेब. कांद्याचा भाव पडला तरी ट्रॅक्टरचे डिझेल, भाड्याचा ट्रक आणि नैसर्गिक वायूपासून बनणारा युरिया यांचे भाव पडत नाहीत, आणि त्या प्रत्येकात पुरातन ऊन विकत घेतलेले असते, हे त्याला कळले तर ते विज्ञान त्याच्या घरात पोचेल. हवेत वाढणारा कार्बन आणि हवामानाचे बिघडणे यांचा संबंध शिकविताना येथे विशेष जपायला हवे. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट निफाड तालुक्याने सोसली आहे. एका गारपिटीचे खापर थेट एका चिमणीवर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु तापलेल्या हवेत बाष्प अधिक मावते आणि पावसाचे वेळापत्रक त्यामुळे बदलते, एवढे निःशंकपणे सांगता येते. आणि ज्याचे पीक उघड्यावर पडलेले असते त्याला तेवढे पुरते.

२०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'हरित ऊर्जेच्या दिशेने' असे प्रकरण होते. विषय पुढे सरकल्याची ती खूण. लासलगावात तर आणखी एक ऊर्जा आधीपासून नांदते आहे. २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राने येथे 'कृषक' हे विकिरण केंद्र उभारले. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांनी कांद्याला मोड येणे थांबविता येते, आणि २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यांवरही येथे प्रक्रिया झाली. त्या कोबाल्टची शक्ती सव्वापाच वर्षांत निम्मी होते. पाचवीतले मूल दहावी होईपर्यंतचा काळ! चाळीतल्या कांद्याचे आयुष्य काही महिन्यांचे, कोबाल्टचे काही वर्षांचे, आणि मालगाडीतून जाणाऱ्या कोळशाचे २९ कोटी वर्षांचे. एवढे निरनिराळे काळ एका गावात एकत्र नांदत असताना 'इंधनांचे प्रकार किती व कोणते' या प्रश्नावर धडा संपवावा, ही शिक्षणाची गरिबी म्हटली पाहिजे.

'दगडी कोळसा' हा शब्द आता बदलणार नाही, आणि बदलूही नये. भाषा अशीच घडते. हाताला जे लागले त्यावरून नाव पडते. पण शिकविणाऱ्याने ते नाव फळ्यावर लिहून एकदा विचारावे: हा दगड जळतो, मग विहिरीतला काळा दगड का जळत नाही? दोन्ही काळे, दोन्ही जमिनीतून निघालेले. एक चुलीत टाकला तर तडकतो, दुसरा पेटतो. या प्रश्नाला उत्तर शोधताना मुलाला ऊन, पान, चिखल, खचणारी जमीन आणि कोट्यवधी वर्षे या क्रमाने मागे जावेच लागते. 'जीवाश्म' हा शब्द त्या वाटेच्या शेवटी सांगावा. मग तो पाठ करावा लागणार नाही.